कुठून कळलं? ओपनस्ट्रीटमॅपवरच्या माझ्या 145 नावांची गोष्ट

मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. व्हाउचर जोडलेलं नसेल तर साठ रुपयांच्या रिक्षाभाड्याची नोंदसुद्धा मी पास करत नाही, आणि त्यावरून ऑफिसात माझी यथेच्छ टिंगल होते. अशा माझ्याच हातून 2024 मध्ये ठाण्यातल्या शंभरावर गल्ल्यांची नावं एकाही व्हाउचरशिवाय नकाशावर चढली. ती उतरवायला आणि जमतील तेवढी नीट परत चढवायला जून ते सप्टेंबर असे चार महिने लागले. त्या वेळी मराठीत कुणी काही लिहिलेलं सापडलं असतं तर दोन रात्री तरी नीट झोपले असते, म्हणून हे लिहिते आहे.

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे सगळ्यांनी मिळून भरायचा जगाचा नकाशा. 2004 मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाला. खातं उघडायला पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही, आपल्या गल्लीतली पिठाची गिरणीसुद्धा त्यात टाकता येते. भाच्यानं जानेवारीत खातं उघडून दिलं आणि ब्राउझरमध्ये चालणारा आयडी नावाचा एडिटर दाखवला. ‘मावशी, तुला ठाण्याची खडान्‌खडा माहिती आहे, तू भर’, एवढं सांगून तो बंगळुरूला निघून गेला.

सुरुवात चांगलीच झाली. हवाई चित्रावरून इमारतींच्या कडा आखणं हे भरतकामासारखं आहे, एकदा बसलं की रात्रीचे अकरा कधी वाजतात कळत नाही. नौपाडा, घंटाळी, चरई असं करत मी पुढे सरकत होते. घोडं अडलं ते नावांपाशी. खडान्‌खडा माहिती म्हणजे काय, तर अमक्या डेअरीच्या मागची गल्ली, तमक्या डॉक्टरांचा रस्ता. गल्लीचं खरं नाव विचारलं तर मी गप्प. मग मी काय करायचे, डाव्या हातात मोबाइलवर दुसरा एक प्रसिद्ध नकाशा उघडायचा, त्यातलं नाव वाचायचं आणि उजव्या हातानं इकडे टाइप करायचं. 20 मे रोजी ठाण्यात लोकसभेचं मतदान होतं, ऑफिसला सुट्टी. सकाळी शाई लावून आले, चहा घेतला आणि बावीस मिनिटांत चाळीस गल्ल्यांना नावं दिली. खूप काम झाल्यासारखं वाटलं.

सेव्ह करताना एडिटर दोन गोष्टी विचारतो: काय बदललं आणि सोर्स काय. बदलांच्या अशा एका गठ्ठ्याला चेंजसेट म्हणतात. पहिल्या चौकटीत मी ‘नावे जोडली’ लिहायचे, दुसरी चौकट मोकळी सोडायचे. ती सक्तीची नाही. सक्तीची नसलेली चौकट कोण भरतं?

9 जूनला, रविवारी दुपारी, ईमेल आली. माझ्या 20 मेच्या चेंजसेटवर केरळमधल्या एका मॅपरनं इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या होत्या. ठाण्यात इतकं काम होतंय हे बघून आनंद झाला, आणि ही चाळीस नावं कुठून मिळाली हे सांगाल का. बस, एवढंच. आवाज चढवलेला नव्हता की कसला आरोप नव्हता. तरी माझ्या पोटात गोळा आला, कारण हाच प्रश्न मी दर महिन्याला सेल्सच्या पोरांना विचारते आणि त्यांची तोंडं कशी होतात ते मला ठाऊक आहे.

दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. ‘स्थानिक माहिती’ असं लिहून मोकळं व्हावं असंही मनात आलं. मी जन्मानं ठाणेकर, कोण तपासायला येणार होतं? त्या दोन दिवसांत मी माझीच नावं परत वाचून काढली, आणि एका ठिकाणी गाडी थांबली. ‘आळी’ ऐवजी मी ‘अली’ लिहिलं होतं. इंग्रजीतलं ए-एल-आय कुठल्या तरी यंत्रानं देवनागरीत उलटवलं होतं आणि मी ते डोळे मिटून उतरवून घेतलं होतं. चरईत वाढलेली बाई आळीला अली म्हणते! यापेक्षा ढळढळीत पुरावा काय हवा? 11 तारखेच्या रात्री मी खरं काय ते लिहिलं.

उत्तर तासाभरात आलं. इतरांना सांगण्यासारखं त्यात बरंच होतं. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती ओडीबीएल या खुल्या परवान्याखाली जगाला दिली जाते. त्यामुळे आपण त्यात टाकतो ती माहिती द्यायचा अधिकार आधी आपल्याकडे असावा लागतो. दुसऱ्या कंपनीचा नकाशा बघायला फुकट असला तरी त्यातून उतरवून घ्यायची मुभा नसते, मग ते नुसतं नाव का असेना. नकाशा बनवणारे अशी चोरी पकडण्यासाठी मुद्दाम खोट्या जागाही पेरत आले आहेत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या नकाशात 1930 च्या दशकात ॲग्लो नावाचं एक गावच असं घुसडलं होतं. आणि परवान्यात न बसणारी माहिती काढून टाकावी लागते ही पोकळ धमकी नाही. 2012 मध्ये ओपनस्ट्रीटमॅपनं परवाना बदलला, तेव्हा ज्यांनी नव्या अटी मान्य केल्या नाहीत त्यांनी भरलेला डेटा नकाशावरून खरोखरच काढून टाकला गेला.

त्यानं सांगितलं ते असं: आधी नवीन भर घालणं थांबवा, मग यादी करा, मग डेटा वर्किंग ग्रुपला कळवा. हा स्वयंसेवकांचा गट आहे, कॉपीराइटची आणि भांडणांची प्रकरणं तो बघतो.

यादी करायला लागले तेव्हा मात्र जिवात जीव आला. हे माझं रोजचं काम. एक्सेलमध्ये पाच रकाने केले: चेंजसेट क्रमांक, तारीख, काय जोडलं, कुठून, पुरावा. तुमच्या खात्याच्या पानावर तुमचे सगळे चेंजसेट तारखेनुसार दिसतात, एकेक उघडून बघावा लागतो. माझे 63 निघाले, त्यात 412 गोष्टी. पाच रात्री लागल्या. 171 इमारती हवाई चित्रावरून आखलेल्या, त्यांची चिंता नव्हती. बिंगची हवाई चित्रं आखण्यासाठी वापरायला मायक्रोसॉफ्टनं 2010 पासून परवानगी दिलेली आहे, आणि कुठलं चित्र समोर होतं याची नोंद आयडी एडिटर आपणहून चेंजसेटला जोडतो. 96 गोष्टी मला खरोखरच ठाऊक असलेल्या: दुकानं, दवाखाने, माझी शाळा. 118 नावं सरळ सरळ उचललेली. आणि 27 अशी, की ती मला आधीपासून माहीत होती की मोबाइलवर बघितली हे काही केल्या आठवेना. ऑडिटचा नियम लावला. आठवत नाही म्हणजे व्हाउचर नाही. 118 अधिक 27, एकूण 145 नावं काढायची.

इथे एक गोष्ट कळली, ती आधी कळायला हवी होती. चेंजसेट बंद झाला की त्याचा सोर्स नंतर बदलता येत नाही. तासभर काही केलं नाही की तो आपोआप बंद होतो, चोवीस तासांपलीकडे तर उघडा राहतच नाही. नंतर उपरती झाली तर खाली चर्चेत टिप्पणी टाकता येते, पण मूळ मोकळी चौकट जन्मभर मोकळीच. आमच्या जुन्या खतावणीसारखं. खाडाखोड चालत नाही, खाली नवीन नोंद करायची.

नावं मी तीन संध्याकाळी काढली, छोट्या छोट्या गठ्ठ्यांत. प्रत्येक गठ्ठ्यावर ‘परवानगी नसलेल्या नकाशातून घेतलेली नावे काढली’ असं स्वच्छ लिहिलं. काढण्याच्या कामाला सोर्स काय लिहायचा, हा प्रश्न मला त्याही वेळी पडला. शेवटी ‘माझी स्वतःची चूक’ लिहिलं. तो कुठे मान्यताप्राप्त शब्द नाही, पण खोटाही नाही.

नुसतं काढून भागत नाही, कारण नकाशावरच्या प्रत्येक गोष्टीचा पूर्ण इतिहास साठवलेला असतो आणि जुनी आवृत्ती कुणालाही उघडता येते. ती झाकण्याचं काम गटाच्या लोकांनाच करता येतं. 18 जूनला यादीसकट मेल पाठवली, नऊ दिवसांनी उत्तर आलं, दोन शंका विचारल्या, आणि 3 जुलैपर्यंत त्या जुन्या आवृत्त्या दिसेनाशा झाल्या. दंड नाही, खातं बंद नाही, खर्च शून्य. मी मात्र त्या नऊ दिवसांत रोज चारदा मेल उघडत होते. तुमच्यावर ही वेळ आली तर यादी पहिल्याच मेलला जोडा आणि कुठे खात्री नाही तेही लिहा. पलीकडची माणसं स्वतःची नोकरी सांभाळून हे करतात.

मग उरल्या 145 बिननावाच्या गल्ल्या.

चालत जाऊन पाट्या वाचायच्या, दुसरा उपाय नाही. आणि मुहूर्त कसला, तर जुलै. 8 जुलैला तर असा कोसळला की लोकल बंद, ऑफिस बंद. मी नकाशाचे तुकडे साइटवरूनच चित्र म्हणून उतरवून घेतले, जांभळी नाक्याजवळ झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढल्या, प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या. पेन नको, पेन्सिल घ्या, शाई फुटते. मोबाइलवर प्रत्येक पाटीचा फोटो काढला, लोकेशन चालू ठेवून. जीपीएसवर मात्र गल्लीत फार विसंबू नका. दोन्ही बाजूंना चार-पाच मजले असले की ठिपका पलीकडच्या आळीत उडी मारतो. फोटोत एखादं दुकान किंवा कोपरा येऊ दिला तर घरी येऊन जागा ओळखता येते.

रविवार सकाळ, साडेसहा ते नऊ. पहिला रविवार चरई आणि खारकर आळी, मग उथळसर, मग टेंभी नाक्याच्या मागचा भाग, चेंदणी, शेवटी पाचपाखाडी. एकूण आठ फेऱ्या. खर्च सांगायचा तर झेरॉक्स आणि प्रिंट 96 रुपये, रिक्षा बहुतेक वेळा किमान भाड्यातच, तेव्हा 23 रुपये, आणि एक छत्री गेली ती वेगळी. राम मारुती रोडच्या एका टपरीवरचे चहा मी हिशोबात धरलेले नाहीत.

हातात कागद घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी राहिलेली बाई दिसली की ठाण्यात लोकांना एकच शंका येते: रिडेव्हलपमेंट. ‘मॅडम, सर्व्हे कुठल्या बिल्डरचा?’ हे मी किमान दहा वेळा ऐकलं. एका काकूंनी मला पाणीपट्टीवाली समजून दारातच झापलं. नकाशा फुकट आहे, सगळ्यांचा आहे, हे सांगून कुणाला पटत नाही. मग मी ‘गल्लीचं नाव बरोबर लिहायचंय’ एवढंच सांगायला लागले. हे वाक्य चाललं. नावाबद्दल प्रत्येकाला बोलायचं असतं.

चेंदणीतले एक आजोबा तर अर्धा तास सोडेनात. महापालिकेच्या निळ्या पाटीवर एक नाव, आजोबांच्या तोंडी दुसरंच. ‘पाटी काय, काल लागली. आम्ही लहानपणापासून असंच म्हणतो.’ आता खरं कुठलं? ओपनस्ट्रीटमॅपचा सर्वसाधारण नियम असा की जागेवर जे दिसतं ते प्रमाण. पण दुसऱ्या नावासाठीही वेगळी जागा असते, त्यामुळे कुणाला गप्प करावं लागत नाही. पाटीवरचं नाव मुख्य नाव म्हणून, आजोबांचं स्थानिक नाव म्हणून. तलावपाळीला कोण मासुंदा तलाव म्हणतं? तसंच हे. आजोबांसारखी नावं घेताना मी एक पथ्य पाळलं: दोन वेगवेगळ्या घरांत विचारायचं. दोघांनी तेच सांगितलं तरच घ्यायचं.

पाट्यांबद्दल तर स्वतंत्र लेख होईल. एका मार्गाच्या एका टोकाला ऱ्हस्व, दुसऱ्या टोकाला दीर्घ. एका चौकाच्या पाटीवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स, त्यातल्या साहेबांच्या खांद्यामागून फक्त ‘मार्ग’ एवढंच डोकावतंय. दोन पाट्या जुळत नसतील तर मी नावाचा सोर्स त्या रस्त्यालाच वेगळा जोडते, सोर्स-नेम अशी त्यासाठी खूण आहे: ‘उत्तर टोकाची पाटी, तारीख अमुक’. उद्या कुणी शुद्धलेखन सुधारायला आला तर निदान भांडायला आधार असेल.

याच काळात मी एक आडवाट धरली होती. वाटलं, प्रभागाचा अधिकृत नकाशाच मिळाला तर चिखल तुडवायला नको. एका सरकारी कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मुदत तीस दिवसांची, सत्ताविसाव्या दिवशी पत्र आलं, चौदा पानं, पानाला दोन रुपये, म्हणजे अठ्ठावीस रुपये भरून घेऊन आले. घरी येऊन केरळच्या त्या मॅपरला फोटो पाठवायला निघाले होते, त्याआधी सुदैवानं ही पानं वापरू का असं विचारलं. त्यानं शांतपणे लिहिलं: माहिती बघायला मिळाली, पुन्हा प्रसिद्ध करायची परवानगी कुठे आहे? आपल्याकडे सरकारी प्रकाशनावरही कॉपीराइट असतो, प्रकाशनानंतर साठ वर्षं. माहितीचा अधिकार आणि वापराचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौदा पानं कपाटात गेली. मी एकदाही उघडून नावं पडताळली नाहीत. उघडली असती तर पुन्हा तेच, कुठून कळलं हे सांगता आलं नसतं.

आता सोर्स मी कसा लिहिते ते सांगते. पूर्वी लोक प्रत्येक इमारतीला, प्रत्येक रस्त्याला सोर्सची चिठ्ठी चिकटवत. 2009 मध्ये चेंजसेट आले, तेव्हापासून ती नोंद चेंजसेटवर करणं जास्त बरं मानतात, आणि कारण अगदी व्यवहारी आहे. मी बिंगवरून इमारत आखली, पुढच्या वर्षी कुणी ती जागेवर जाऊन दुरुस्त केली, पण जुनी चिठ्ठी काढायला विसरला, की चिठ्ठी खोटी बोलायला लागते. चेंजसेटची नोंद त्या दिवसापुरती असते, ती शिळी होत नाही.

माझी चूक होती एका गठ्ठ्यात सगळं कोंबायची. आता चित्रावरून आखलेलं वेगळं सेव्ह करते, पाट्यांवरून वाचलेलं वेगळं. मिसळणं टळतच नसेल तर मध्ये अर्धविराम टाकून दोन्ही लिहिते, आणि कशासाठी काय तेही: ‘आकार बिंगवरून; नावे जागेवर पाटी वाचून, 21 जुलै 2024’. मराठीत लिहिलं तरी चालतं, पण सर्व्हे, लोकल नॉलेज हे ठरलेले शब्द इंग्रजीत ठेवले तर जर्मनीतल्या माणसालाही कळतं. मर्यादा 255 अक्षरांची आहे आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, त्यामुळे मराठीत ती फार लवकर संपते.

‘लोकल नॉलेज’ हा शब्द मी आता जपून वापरते. नुसतं ठाण्यात राहते म्हणून नाही. ती गोष्ट मी डोळ्यांनी बघितलेली असली पाहिजे, शक्यतो अलीकडे. पाचपाखाडीत एका सोसायटीबद्दल मी छातीठोकपणे लिहिणार होते, मैत्रीण राहायची तिथे. रविवारी गेले तर पत्र्याचं कुंपण आणि आत क्रेन. हवाई चित्रात इमारत अजून दिमाखात उभी आहे! चित्र कधीचं आहे ते आयडीमध्ये पार्श्वभूमीच्या माहितीत कित्येकदा दिसतं, ते बघून घ्या. आणि बिंग व एस्री यांची हवाई चित्रं एकमेकांवर ठेवून बघा. काही ठिकाणी ती काही मीटरनं सरकलेली असतात, आणि चरईतल्या आळ्यांना तेवढं सरकणं परवडत नाही. माझ्या दोन इमारती त्यामुळे सरळ रस्त्यात उभ्या होत्या.

फोनवरच काम करायचं असेल तर स्ट्रीटकंप्लीट हे अँड्रॉइडवरचं ॲप नवख्यांसाठी सगळ्यांत सोपं. ते एकेक प्रश्न विचारतं, सोर्स म्हणून सर्व्हे असं स्वतःच लिहितं, आणि तुम्ही त्या जागेपासून लांब बसून उत्तर द्यायला लागलात तर ‘खरंच तिथे जाऊन बघितलं का’ असंही विचारतं. मला सोफ्यावर पकडलंय त्यानं.

ऑगस्टअखेर 145 पैकी 97 नावं पाट्यांवरून परत आली. 22 लोकांच्या तोंडून, दोन-दोन घरांत विचारून. 26 गल्ल्यांना नाव मिळालं नाही. काहींना पाटीच नाही, काहींना लोक आजही डेअरीच्या मागचीच म्हणतात. त्या तशाच कोऱ्या ठेवल्या. भाचा म्हणाला, ‘मावशी, कोरं वाईट दिसतं गं.’ दिसू दे.

सप्टेंबरमध्ये गणपती आले, निम्म्या गल्ल्या मांडवांत गेल्या, काम थांबलं. अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी, 22 तारखेला, भाजी आणायला निघाले होते. उथळसरच्या एका गल्लीच्या तोंडाशी मांडवाचे बांबू सोडत होते. त्यांच्याबरोबर भिंतीवर कधीपासून लटकलेला एक जुना फ्लेक्सही खाली आला, आणि मागे गंजलेली पाटी निघाली. तीन वेळा मी तिच्यासमोरून गेले होते. फोटो काढला, कोपऱ्यावरचं सायकलचं दुकान चौकटीत घेतलं. घरी येऊन भाजी निवडायच्या आधी नाव चढवलं. सोर्स: सर्व्हे, पाटी, 22 सप्टेंबर 2024. आता 25 उरल्या.